रस्त्यामधली रेषा आणि एक सायकल

आमच्या टीममधला एक जण सध्या कॅलिफोर्नियात ऑनसाइट आहे. परवा त्याने फोनवर विचारलं, "अरे, इकडे डोंगरातल्या दुपदरी रस्त्याने चाललो होतो. पुढे एक सायकलवाला. मधोमध दुहेरी पिवळी रेषा. समोरून कोणी येत नव्हतं, पण मागच्याने हॉर्न मारायला सुरुवात केली. अशा वेळी रेषा ओलांडून सायकल मागे टाकायची, की तिच्यामागे सरपटत बसायचं?"

प्रश्न साधा वाटला. हो किंवा नाही, एका शब्दात उत्तर देऊन टाकू म्हणून शोधायला बसलो आणि वीकांत त्यातच गेला. कारण या प्रश्नाला उत्तर एक नाही. ते राज्यागणिक, देशागणिक बदलतं आणि ते का बदलतं याच्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक गंमत अशी, की ही जी रेषा आज सायकलवाल्याच्या जिवावर उठते, ती ज्याने पहिल्यांदा रंगवून घेतली तो माणूस स्वतः सायकलवाल्यांच्या चळवळीतला पुढारी होता. पण ते पुढे. आधी थोडं गणित करू, त्याशिवाय भांडण नेमकं कशाचं आहे ते कळणार नाही.

समजा एक पदर साडेतीन मीटर रुंद आहे. सायकलवाला डांबराच्या कडेपासून अर्धा मीटर आत चाललाय (याहून कडेला गेला तर खडी, काचा आणि गटाराची जाळी). त्याच्या हँडलची अर्धी रुंदी सुमारे ३० सेंटीमीटर. म्हणजे ०.८ मीटर रस्ता त्याचा. त्याच्यापासून एक मीटर अंतर सोडलं, झाले १.८. आता आरशांसकट मोटारीची रुंदी धरा दोन मीटर. एकूण ३.८ मीटर. पदर साडेतीनचा! म्हणजे साधी छोटी मोटारसुद्धा ३० सेंटीमीटर मधल्या रेषेपलीकडे जाणार. आणि ट्रक असेल तर एक मीटर किंवा त्याहूनही जास्त.

आता कायदा एकीकडे म्हणतो सायकलपासून इतकं अंतर ठेवा, आणि दुसरीकडे म्हणतो रेषा ओलांडू नका. आपल्या भाषेत बोलायचं तर दोन रिक्वायरमेंट एकमेकींशी भांडतायत आणि क्लायंट म्हणतोय दोन्ही हव्यात. असं झालं की डेव्हलपर काय करतो? जी तपासली जाणार नाही ती गुपचूप सोडून देतो. रस्त्यावरही तेच होतं. रेषा डोळ्यांना दिसते, एक मीटर अंतर दिसत नाही. त्यामुळे ड्रायव्हर रेषा पाळतो आणि सायकलवाल्याच्या कोपराला आरसा घासून जातो.

मग ही रेषा आली कुठून?

१८८० साली अमेरिकेत र्‍होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' नावाची सायकलस्वारांची संघटना निघाली. तेव्हा मोटारी नव्हत्या आणि गावाबाहेरचे रस्ते म्हणजे उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. बैलगाडी, घोडागाडी कशीतरी निघायची, सायकल रुतून बसायची. त्यामुळे चांगल्या रस्त्यांची मागणी जोरात लावून धरणार्‍यांमध्ये हे सायकलवाले आघाडीवर होते. १८९२ मध्ये त्यांनी 'गुड रोड्स' नावाचं मासिक काढलं. १८९३ मध्ये अमेरिकन सरकारने शेतीखात्यात रस्त्यांच्या चौकशीसाठी एक छोटं कार्यालय उघडलं, त्यामागे या मंडळींचा रेटा होता. १८९८ च्या सुमाराला संघटनेचे सभासद एक लाखाच्या वर गेले होते. (आज मोटारवाले सायकलस्वाराला 'रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का' असं ऐकवतात. अमेरिकेपुरतं तरी उत्तर 'खापरपणजोबाचा आहे' असं देता येईल :-) )

या चळवळीत डेट्रॉइटचा एडवर्ड हाइन्स होता. धंदा छपाईचा, छंद सायकलचा. मिशिगनमध्ये चांगल्या रस्त्यांसाठी त्याने १८९० पासून खटपट चालवली होती. १९०६ मध्ये डेट्रॉइट ज्या वेन परगण्यात येतं, तिथे रस्त्यांसाठी तीन जणांचं मंडळ स्थापन झालं. त्यातला एक हाइन्स आणि दुसरा चक्क हेन्री फोर्ड! सायकलवाला आणि मोटारवाला एकाच टेबलाशी. या मंडळाने १९०९ मध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूचा एक मैलाचा तुकडा काँक्रीटचा केला, त्याची ख्याती ऐकून लोक लांबून बघायला यायचे.

रस्ता चांगला झाला की गाड्या जोरात धावणार आणि समोरासमोर आपटणार, हे ओघानं आलंच. हाइन्सने त्यावर उपाय काढला तो रस्त्याच्या मधोमध पांढर्‍या रेषेचा. गोष्ट अशी सांगतात, की गळक्या दुधाच्या गाडीमागे रस्त्यावर दुधाची पांढरी रेघ उमटत चाललेली त्याने पाहिली आणि त्यातून ही कल्पना सुचली. न्यूटनच्या सफरचंदासारख्या या गोष्टी असतात, किती खर्‍या मानायच्या ते तुम्हीच ठरवा. पण रेषा मात्र खरी. १९११ मध्ये ट्रेंटन गावाजवळच्या रिव्हर रोडवर ती रंगवली गेली.

कॅलिफोर्नियाची कथा वेगळी आहे. इंडिओ या वाळवंटातल्या गावाजवळ १९१७ च्या शरद ऋतूत जून मॅक्कॅरोल नावाच्या डॉक्टरबाई मोटारीने घरी चालल्या होत्या. समोरून ट्रक आला, त्याने अंग चोरलं नाही, बाईंना गाडी वाळूत घालावी लागली. त्याच सुमाराला एक रस्ता रुंद करताना जुन्या आणि नव्या भागाच्या सांध्यावर मधोमध उंचवटा राहिला होता, आणि तिथे गाड्या आपापल्या बाजूने चालतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले, कोणी दाद देईना. मग बाईंनी स्वतःच ब्रश घेऊन चार इंच रुंदीची पांढरी रेषा ओढली. पुढे बायकांच्या मंडळांनी पाठपुरावा केला आणि १९२४ मध्ये कॅलिफोर्नियाने ती पद्धत स्वीकारली. ३५०० मैल रस्त्यावर रेषा ओढली गेली. इंडिओजवळच्या महामार्गाच्या एका तुकड्याला २००२ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की या दोघांचीही अडचण एकच होती: समोरून येणारी गाडी. आपल्याच दिशेने पुढे चाललेल्या हळू वाहनाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतलाच नव्हता. रेषा ही एक खूण होती, 'बाबांनो, अर्ध्यात राहा' एवढंच सांगणारी.

पण खूण हळूहळू भिंत झाली. वळणावर, चढावर अखंड रेषा आली, मग दुहेरी आली. १९७१ च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने विरुद्ध दिशांमधली रेषा पिवळी असं ठरवून टाकलं. आणि अखंड रेषा कुठे ओढायची हे ठरवायला एक तक्ता आला. त्या तक्त्यात गाडीचा वेग ताशी ३० मैल असेल तर पुढचं किमान ५०० फूट दिसायला हवं, ५५ मैल असेल तर ९०० फूट. तेवढं दिसत नसेल तर तिथे ओव्हरटेक बंद.

हे आकडे एका मोटारीने दुसर्‍या मोटारीला मागे टाकण्याचे आहेत. इथे थोडं गणित परत करतो, कंटाळा आला असेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा.

पुढची मोटार ताशी ५० किलोमीटरने चाललीय, तुम्ही ६५ ने मागे टाकताय. फरक १५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. मागे-पुढे अंतर ठेवून, दोन्ही गाड्यांची लांबी धरून ४० मीटर कापायचे तर साडेनऊ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही सुमारे १७० मीटर जाता आणि समोरचा ५० ने येत असेल तर तो १३० मीटर. म्हणजे ३०० मीटर रस्ता मोकळा हवा. आता पुढे मोटारीऐवजी ताशी २० ने चाललेली सायकल ठेवा आणि तुमचा वेग ५० धरा. फरक ३० चा. सायकल लहान, कापायचं अंतर ३० मीटर धरू. साडेतीन सेकंद! तुम्ही ५० मीटर जाता, समोरचा ५० मीटर येतो. १०० मीटर मोकळा रस्ता पुरे.

तीनशे आणि शंभर. म्हणजे ज्या जागी मोटारीला ओव्हरटेक करणं आत्मघात आहे, त्यातल्या पुष्कळ जागी सायकलला मागे टाकणं अगदी सुरक्षित असू शकतं. 'पुष्कळ' म्हटलं, 'सगळ्या' नाही. आंधळ्या वळणावर ना ३०० दिसतात ना १००. पण रेषेला हा फरक कळत नाही. ती रंग आहे, तिच्यात 'इफ-एल्स' नसतो. तो कायद्यात घालावा लागतो.

ब्रिटिशांनी तो घातलाय, पण अगदी ब्रिटिश पद्धतीने. त्यांच्या हायवे कोडमध्ये दुहेरी पांढर्‍या रेषेसाठी १२९ क्रमांकाचा नियम आहे. आपल्या बाजूची रेषा अखंड असेल तर ओलांडायची नाही. मात्र रस्ता मोकळा असेल आणि गरज असेल, तर थांबलेलं वाहन, किंवा सायकल, घोडा, रस्तादुरुस्तीची गाडी यांना मागे टाकण्यासाठी ओलांडता येते, अट अशी की ते ताशी १० मैल किंवा त्याहून कमी वेगाने चाललेले हवेत. १० मैल म्हणजे १६ किलोमीटर. सपाट रस्त्यावर जरा सराव असलेला कुणीही सायकलस्वार याहून जोरात जातो. म्हणजे थकलेल्या काकांना ओलांडून मागे टाकलं तर कायदेशीर आणि तरुण पोराला टाकलं तर बेकायदा. आणि पुढच्या सायकलचा वेग ९ मैल आहे की ११, हे मागच्या ड्रायव्हरने कसं ओळखायचं? त्यातून २०२२ मध्ये त्याच पुस्तकात ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवा अशी सूचना आली. अंतर वाढलं, १० मैल तसेच राहिले.

अमेरिकेत अंतराचा कायदा पहिल्यांदा केला विस्कॉन्सिनने, १९७३ मध्ये. तीन फूट. मग एकेक राज्य त्या वाटेला लागलं. कॅलिफोर्नियाला मात्र तिसर्‍या प्रयत्नात यश आलं आणि मधला प्रयत्न या रेषेनेच पाडला.

२०११ मध्ये विधिमंडळाने तीन फुटांचा कायदा मंजूर केला. तीन फूट जमत नसतील तर वेग ताशी १५ मैलांपर्यंत उतरवून पुढे जा, असं त्यात कलम होतं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरला. ३५-४० मैलांच्या रस्त्यावर गाड्या अचानक हळू झाल्या तर मागून धडका बसतील, असं त्यांचं म्हणणं. ठीक, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. २०१२ मध्ये कायदा पुन्हा आला. या वेळी सरळ उत्तर होतं: रस्ता मोकळा असेल तर सायकलला मागे टाकण्यासाठी दुहेरी पिवळी रेषा ओलांडायला परवानगी. ब्राउन यांनी तोही परत पाठवला! कारण काय? ओलांडायला सरकारनेच परवानगी दिली आणि समोरासमोर टक्कर झाली, तर लोक राज्यावर दावे लावतील.

हे वाचून मला आमच्याकडच्या रिलीज मीटिंगची आठवण झाली. बग आहे हे सगळ्यांना मान्य, दुरुस्ती तयार, पण दुरुस्तीनंतर काही बिघडलं तर सही कोणाची? म्हणून बग तसाच ठेवायचा, निदान तो कोणाच्या नावावर नाही. रेषा पाळून कोणी सायकलस्वाराला चिरडलं तर ती ड्रायव्हरची चूक. रेषा ओलांडून टक्कर झाली तर ती राज्याची. वकिली हिशोबात पहिलं स्वस्त पडतं.

२०१३ मध्ये तिसरा मसुदा आला तो रेषेची परवानगी गाळून. त्यावर सही झाली आणि १६ सप्टेंबर २०१४ पासून कायदा लागू झाला. तीन फूट ठेवा. वाहतुकीमुळे किंवा रस्त्यामुळे शक्य नसेल तर वेग कमी करा आणि सायकलस्वाराला धोका नसेल तेव्हाच पुढे जा. मूळ दंड ३५ डॉलर, टक्कर होऊन इजा झाली तर २२०. २०२३ पासून त्यात एवढी भर पडली, की त्याच दिशेला दुसरा पदर उपलब्ध असेल तर पदर बदलूनच सायकल मागे टाका. पण दुपदरी रस्त्यावर त्याच दिशेचा दुसरा पदर येणार कुठून? तेव्हा आमच्या मित्राला उत्तर: मागच्याला हॉर्न वाजवू दे, तू सरपट. इतर काही राज्यांत वेगळं आहे. कोलोरॅडो रेषा ओलांडू देतं. पेनसिल्व्हेनियाने २०१२ मध्ये चार फूट अंतर सक्तीचं केलं आणि त्याच कायद्यात रेषा ओलांडायची सोयही करून दिली, दोन्ही एकाच दमात. ओहायोने तर सायकलचं नावही न घेता नियम लिहिला: पुढचं वाहन तिथल्या वेगमर्यादेच्या निम्म्याहून कमी वेगाने चाललं असेल, तुम्हाला मर्यादा न मोडता त्याला मागे टाकता येत असेल आणि पुढचं पुरेसं दिसत असेल, तर जा. ट्रॅक्टर असो, घोडागाडी असो, सायकल असो. मला हा नियम फार आवडला. कोणी विचारी माणसाने लिहिलाय.

सगळ्यात नीट काम झालं ते ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड राज्यात. पण त्याला आधी एक मरण लागलं. सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिस्बेनमध्ये २५ वर्षांचा एक व्हायोलिनवादक सायकलवरून चालला असताना काँक्रीटच्या ट्रकखाली गेला. ट्रक त्याच पदरातून त्याला मागे टाकत होता. खटला चालला. आपल्याला पुरेशी जागा आहे असं वाटलं होतं, हा ड्रायव्हरचा बचाव आणि २०१३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. कायद्यात अंतराचा आकडाच नव्हता, तेव्हा 'पुरेशी' म्हणजे किती हे मोजणार कशाने?

त्याच वर्षी क्वीन्सलंडच्या संसदेच्या समितीने सायकलविषयक नियमांची चौकशी हाती घेतली. आणि इथे एक मासलेवाईक गोष्ट दिसते. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत मधली रेषा ओलांडायला एक सवलत आधीपासून होती: रस्त्यात अडथळा असेल तर. झाड पडलंय, दरड आलीय, ओलांडा. पण अडथळ्याच्या व्याख्येत पुढे लिहिलं होतं, की एखादं वाहन केवळ इतरांपेक्षा हळू चाललंय म्हणून तो अडथळा ठरत नाही. मोटारींच्या दृष्टीने व्याख्या अगदी बरोबर आहे, नाहीतर प्रत्येक जण पुढच्याला अडथळा म्हणेल. पण सायकल हेही कायद्याने वाहनच. म्हणजे आडव्या पडलेल्या फांदीला वळसा घालणं कायदेशीर आणि जिवंत माणसाला वळसा घालणं गुन्हा!

७ एप्रिल २०१४ पासून क्वीन्सलंडने दोन वर्षांचा प्रयोग सुरू केला. ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यावर सायकलपासून एक मीटर, त्याहून वेगवान रस्त्यावर दीड मीटर. आणि सोबत परवानगी: हे अंतर ठेवण्यासाठी, समोरचं स्पष्ट दिसत असेल आणि सुरक्षित असेल तर, मधली रेषा ओलांडा, दुहेरी अखंड असली तरी. नियम आणि त्याचं एक्सेप्शन एकाच रिलीजमध्ये. २०१६ मध्ये ते कायम झालं. बाकीची राज्यं मागोमाग अंतराचा कायदा करत गेली, शेवटी व्हिक्टोरिया, एप्रिल २०२१ मध्ये.

याच्याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. समोरून येणारा ट्रकच असेल असं नाही. तोही सायकलवाला किंवा मोटारसायकलवाला असू शकतो, आणि 'काही येत नाही' असं म्हणताना नजर मोटार शोधत असते. परवानगी आहे म्हणून लोक चढावर, वळणावर घुसतील ही भीतीही खरी. मात्र क्वीन्सलंड काय, ओहायो काय, परवानगी सगळीकडे 'पुढचं दिसत असेल तर' यालाच बांधलेली आहे. दिसत नसेल तर सायकलच्या मागेच राहायचं, मग अर्धा मिनिट जावो नाहीतर दोन. ती अट काढली तर वरचं सगळं गणित कोसळतं. आणि परवानगी नसली म्हणून लोक रेषा ओलांडत नाहीत असं थोडंच आहे? फरक एवढाच, की परवानगी नसली तर सरळ, कायदा पाळणारा ड्रायव्हरच नेमका सायकलच्या अंगावर जातो. बेफिकीर माणूस आधीही जातच होता.

आता परत मिशिगनकडे, जिथे ही रेषा उगवली. हाइन्स १९३८ मध्ये वारला. वेन परगण्यातल्या एका लांबलचक रस्त्याला त्याचं नाव आहे. ७ जून २०१६ ला त्याच राज्यात कॅलामाझूजवळ एका पिकअप ट्रकने मागून येऊन नऊ सायकलस्वारांना उडवलं, त्यातले पाच जण दगावले. तो ड्रायव्हर नशेत होता, त्याला कोणत्याही रेषेने अडवलं नसतं. पण राज्यात सायकलस्वारांच्या कायद्याचा विषय ऐरणीवर आला. आधी मागणी पाच फुटांची होती, घासाघीस होऊन ती तीनवर आली. २०१८ च्या सप्टेंबरपासून कायदा लागू झाला आणि त्यात ती दुसरी ओळही आहे: सुरक्षित असेल तर, ओव्हरटेक बंद असलेल्या पट्ट्यातही सायकलला मागे टाकता येईल. रिव्हर रोडवर पहिली रेषा ओढल्याला तेव्हा १०७ वर्षं झाली होती.